जुळ्यांच्या गावात आम्ही तिघं

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने आमच्या धायरीच्या ज्येष्ठ नागरिक संघात फोटो दाखवावेत, असा दंडक आहे. अमेरिकेचे फोटो सगळ्यांना पाठ झालेले असल्यामुळे मी नायजेरियाला जाऊन आलो म्हटल्यावर गर्दी बरी झाली. मी तासभर बोललो. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला तासभर बोलायला निमित्त लागत नाही. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "ते लोक अजून नद्यांची आणि झाडांची पूजा करतात म्हणे?" मी म्हणालो, "हो ना. आपण वडाला सूत गुंडाळतो ते त्याला थंडी वाजते म्हणून." मंडळी हसली, चहा झाला, मला नारळ मिळाला.

त्या भाषणात मी खोटं काही बोललो नाही. फक्त एका दिवसाचा एकही फोटो दाखवला नाही, आणि बाकीचा सगळा प्रवास त्या दिवसापुढे फुकट आहे. तो दिवस इथे लिहितो. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, एवढीच सोय.

इबादान

आमचा एकुलता एक मुलगा मंदार इबादानजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. नायजेरियाच्या नैऋत्येला योरुबा लोकांचा मुलूख आहे, आणि इबादान हे त्यातलं मोठं शहर. चार वर्षं तो "या ना" म्हणत होता आणि मी माझ्या गुडघ्याचं कारण सांगत होतो. शेवटी सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला न विचारता जाऊन दोघांच्या नावे पिवळ्या तापाच्या लशीची वेळ घेतली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या खेपेला माझं काही चालणार नाही.

डिसेंबरात तिकडे वाळवंटावरून धुळीचा कोरडा वारा येतो. ओठ फुटतात आणि सूर्य भर दुपारीसुद्धा पातळ ताकासारखा दिसतो. टेकडीवरून पाहिलं की खाली नजर जाईल तिथवर गंजलेल्या पत्र्यांची तांबूस छपरं. मंदारला वाटलं, बाबा नाक मुरडणार. पण मला ते शहर आवडलं. निदान ते स्वतःला सांस्कृतिक राजधानी वगैरे म्हणवून घेत नाही.

आणि त्या लोकांचे नमस्कार! सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. काम करणाऱ्या माणसाला 'काम चाललंय, छान' अशा अर्थाचा एक, बसलेल्याला एक, प्रवासाहून आलेल्याला एक. पुण्यात काम करणाऱ्या माणसाला हाक मारली तर "दिसत नाही का काम चाललंय?" हे ऐकून घ्यावं लागतं. तिथे धाकट्याने मोठ्याला नुसतं "हाय" म्हणून चालत नाही. बायका गुडघे टेकतात आणि पुरुष लवून हात जमिनीला लावतात. मंदारचा ड्रायव्हर चाळिशीचा, धिप्पाड माणूस, पण पहिल्याच दिवशी तो सुनंदापुढे असा वाकला की ती घाबरून मागे सरकली.

खाण्याचं म्हणाल तर पहिला मान आकाऱ्याला. भिजवलेल्या चवळीची सालं काढून, वाटून, पामच्या तेलात तळलेला हा वडा रस्त्याच्या कडेला मिळतो. सुनंदाने एक खाल्ला आणि ती वडेवालीजवळच बसली. वडेवालीला मराठी येत नव्हतं आणि सुनंदाला इंग्रजी बेताचं. तरी सालं कशी चोळून काढायची यावर दोघींचं अर्धा तास संभाषण झालं. मी मात्र हिरव्या बुळबुळीत भाजीबरोबर सुरणाच्या पिठाचा काळा गोळा मिटक्या मारत खाल्ला आणि हात धुतल्यावर कळलं की त्या भाजीत सुक्या कोळंबीची पूड होती. "बाबा, आता गिळलंय ते गिळलंय," मंदार म्हणाला. मला ते आवडलं होतं, ही बाब मी गुप्त ठेवली.

तिसऱ्या दिवशी ओशोग्बोला गेलो. तिथे ओशुन नावाची नदी देवी मानली जाते आणि तिच्या काठची राई शतकानुशतकं राखलेली आहे. फांदी तोडायची नाही, मासा धरायचा नाही. ज्या बायकांना मूल हवं असतं त्या या देवीकडे येतात. आपणही मुठेला माताच म्हणतो, आणि मग तिच्यात काय काय सोडतो ते भिडे पुलावर उभं राहून बघावं. सुनंदा पाण्यात पाय बुडवून बराच वेळ बसली होती. मी फोटो काढत होतो.

परतताना मी ड्रायव्हरला त्याच्या नावाचा अर्थ विचारला. इतिहासाच्या मास्तरला अशी खाज असतेच. त्याचं नाव केहिंदे. तो खुशीत येऊन सांगू लागला. त्यांच्यात नाव आठव्या दिवशी ठेवतात, पण जुळ्यांना ठेवावं लागत नाही, ती नाव घेऊनच येतात. पहिलं बाहेर येईल ते तायवो, मागून येईल ते केहिंदे. मुलगा असो की मुलगी. आणि मागून येणारं ते मोठं मानायचं. कारण मोठं भावंड धाकट्याला पुढे पाठवतं, जा, जग कसं आहे ते बघून ये, आणि पहिल्याने रडून कळवलं की मग सावकाश स्वतः येतं.

"लॉजिक आहे," मंदार हसून म्हणाला आणि त्याने ते सगळं आईला मराठीत सांगितलं. मी गाडीच्या आरशात मागे पाहिलं. सुनंदा खिडकीबाहेर बघत होती आणि तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

आता सांगून टाकतो. चौतीस वर्षांपूर्वी आम्हाला जुळं झालं होतं. आधी मंदार आणि वीस मिनिटांनी मुलगी. शनिवार पेठेतल्या एका छोट्या प्रसूतिगृहात. मुलगी अशक्त होती आणि नवव्या दिवशी गेली. आपल्यात बारसं बाराव्या दिवशी, त्यामुळे तिला नाव नव्हतं. मी आणि माझा मेव्हणा जाऊन तिला पुरून आलो. कुठे, ते सुनंदाने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोन पाळणे आणले होते, त्यातला एक परत केला. महिन्याभराने मंदारचं बारसं उरकलं आणि त्या संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की यापुढे हा विषय काढायचा नाही. मंदारला तर कधीच सांगायचं नाही, वाढत्या पोराच्या मनावर ओझं नको. सगळ्यांना ते पटलं. सुनंदाला पटलं का, हे मी विचारलं नव्हतं. मंदारच्या मनाची काळजी हे कारण होतं, खोटं नव्हतं. पण खरं कारण हे की ती रडायला लागली की मला काय करावं ते कळत नसे, आणि मला न कळणाऱ्या गोष्टी मी घरातून हद्दपार करत असे.

इले-इफे

योरुबा लोक म्हणतात, जगाची सुरुवात इफेला झाली. तिथल्या संग्रहालयात जुने धातूचे मुखवटे आहेत. चेहऱ्यावर बारीक उभ्या रेघा, डोळे शांत. मी आयुष्यात असं ओतकाम पाहिलं नव्हतं. आपल्या पाठ्यपुस्तकात या लोकांबद्दल अर्धं पानसुद्धा नाही, आणि तसलीच पाठ्यपुस्तकं मी बत्तीस वर्षं इमानाने शिकवली. मी तावातावाने, इंग्रजीत, मंदारला आणि माहिती सांगणाऱ्या बाईंना हे ऐकवत होतो, तेव्हा सुनंदा पुढच्या दालनातल्या एका कपाटासमोर थांबली होती.

आत वीतभर उंचीची एक लाकडी बाई उभी होती. शरीर मोठ्या बाईचं, गळ्यात मण्यांची माळ, केसांना निळा रंग. चेहरा मात्र जवळजवळ नव्हताच. नाक-डोळे झिजून गुळगुळीत झालेले.

"हिचं नाक कुणी घासलं?" मी आणि त्या बाई तिथे गेल्यावर सुनंदाने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

बाईंनी सोप्या शब्दांत समजावून सांगितलं. जुळ्यातलं एक गेलं तर आई लाकडाची मूर्ती करून घेते. जिवंत भावंडाला दूध पाजलं की मूर्तीच्या ओठांना लावायचं, त्याला अंघोळ घातली की हिलाही घालायची, कपडे करायचे, कडेवर घ्यायचं. रोज धुऊन धुऊन चेहरा असा होतो.

"किती वर्षं?"

"आई आहे तोवर," बाई म्हणाल्या. "मग तिची सून करते, किंवा मुलगी."

सुनंदाने काचेवर हात ठेवला. तेवढ्यात मंदार जवळ आला. मी मोठ्याने, इंग्रजीतच म्हणालो, "अंधश्रद्धा सगळीकडे सारखीच. चला, उशीर होतोय." उशीर कशालाच होत नव्हता. ज्या माणसाने पाच मिनिटांपूर्वी त्यांच्या कलेवर व्याख्यान दिलं होतं, त्यानेच हे म्हटलं, हे त्या बाईंच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आलं.

गाडीत मंदार म्हणाला, "आई, तुला ते ट्विन्सचं फारच आवडलं ना? उद्या तुला एक भारी गंमत दाखवतो. इग्बो-ओरा म्हणून गाव आहे, घरटी जुळी. केहिंदेची मावशीच राहते तिथे."

मी रस्ता, धूळ, गुडघा, सगळी हत्यारं काढली.

"तुम्ही घरी थांबा," सुनंदा म्हणाली. "मला जायचंय."

मी थांबलो असतो तर? पण मला तिथे हजर राहून विषय आवरायचा होता. आयुष्यभर मी तेच केलं होतं.

इग्बो-ओरा

दोन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना सुरण आणि कसाव्याची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची शेतं. गावाच्या वेशीवरच जुळ्यांच्या गावात तुमचं स्वागत असल्याचा फलक आहे. आत शिरलो तर खरोखरच जिकडेतिकडे एकसारख्या कापडाचे झगे शिवलेल्या जोड्या. शाळेच्या मैदानात, पाण्याच्या टाकीशी, केस विंचरत बसलेल्या. लोक म्हणतात, भेंडीच्या पाल्याची भाजी आणि सुरण खाल्ल्याने असं होतं. मी तपशील वहीत लिहून घेतला. जुळ्यांच्या आईला तिथे मान असतो. बाजारातून जाताना लोक तिला वाट देतात, तिच्या नावाने शुभ मागतात.

केहिंदेची मावशी सत्तरीची, काटकुळी, डोक्याला जांभळं फडकं गुंडाळलेली. तिने आम्हाला अंगणात बाकावर बसवलं आणि उकडलेली चवळी समोर ठेवली. जुळ्यांच्या घरी पाहुण्याला चवळीच देतात म्हणे. तिलाही जुळी झाली होती. ती योरुबात बोलायची, केहिंदे इंग्रजीत सांगायचा आणि मंदार आईसाठी मराठीत.

"तुला मुलं किती?" मावशीने सुनंदाला विचारलं.

हा प्रश्न पुण्यात तिला हजार वेळा विचारला गेला असेल. लग्नांत, हळदीकुंकवात, दवाखान्यात. उत्तर ठरलेलं होतं, "एकच, मुलगा." मी चवळीचा घास घेतला.

सुनंदाने दोन बोटं वर केली. "दोन. जुळी."

मंदार सवयीने इंग्रजीत सांगू लागला, "टू, शी सेज, ट्वि..." आणि थांबला. "आई? काय बोलतेयस तू?"

"सांग त्यांना," ती म्हणाली. "आधी तू झालास. मागून मुलगी. नऊ दिवस होती."

मंदारने सांगितलं नाही. त्याची गरजही पडली नाही. मावशीने सुनंदाचा चेहरा पाहिला आणि तळहात जमिनीकडे उलटा करून 'गेली?' असं खुणेनेच विचारलं. सुनंदाने मान हलवली. मग मावशीने त्या मुलीचं नाव विचारलं.

"नाव नाही ठेवलं. बारावा दिवस उजाडलाच नाही," सुनंदा म्हणाली, आणि हे, आणि मुलगी मंदारच्या मागून झाली तेही, एका वाक्यात इंग्रजीत मी सांगितलं, कारण मंदार बोलत नव्हता. त्या मुलीबद्दल चौतीस वर्षांत मी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

म्हातारी जवळजवळ रागावली. नाव नव्हतं म्हणजे काय? जुळ्यांना नाव नसेल असं होईल कसं? तिने हातातली काठी मंदारकडे रोखली: हा आधी आला, हा तायवो. ती मागून आली, ती केहिंदे. ती थोरली. तिनेच याला पुढे पाठवलं.

मंदार बाकावरून उठला. मग म्हणाला, "म्हणजे मला ताई होती."

मग माझ्याकडे वळून, "बाबा, तुम्ही मला कधीच सांगणार नव्हतात?"

"तुझ्या भल्यासाठीच," मी म्हणालो. हे वाक्य मी इतकी वर्षं तयार ठेवलं होतं, आणि त्या अंगणात ते अगदीच भिकार वाटलं.

मावशी आत गेली आणि पत्र्याच्या ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. तशीच एक लाकडी मूर्ती, हीही चेहरा झिजलेली. केहिंदेने दबक्या आवाजात सांगितलं की ही तिची गेलेली मुलगी. जिवंत मुलगा लागोसला असतो, चर्चमध्ये जातो, आणि आईने ही जाळून टाकावी म्हणून दर खेपेला भांडतो. म्हणून ट्रंकेत. मला त्या न पाहिलेल्या मुलाचा संताप आला, आणि मग लक्षात आलं की माझ्या घरात मीच तो मुलगा होतो. फरक एवढाच की माझ्या बायकोजवळ लपवायला लाकूडसुद्धा नव्हतं.

मावशी सुनंदाजवळ सरकली आणि काहीतरी म्हणाली. केहिंदेने सांगितलं, "ती विचारतेय, मनात तिला काही नावाने म्हणत असशीलच ना? आई म्हणतेच."

सुनंदा हसली. खरंच हसली. मग तिने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला, जांभळं फडकं बाजूला केलं आणि तिच्या कानात एक शब्द सांगितला. आपल्याकडे पाळण्यापाशी आत्या सांगते तसा. म्हातारीने तो ओठांत घोळवला, मान डोलावली, आणि वाकून आपल्या लाकडी मुलीच्या कानात सांगितला. हा तिथला रिवाज की तिच्या मनचं, मला ठाऊक नाही. तिथे तुझी मुलगी एकटी पडायला नको, एवढंच म्हातारी म्हणाली.

मी हातभर अंतरावर बसलो होतो. मला ऐकू आलं नाही.

परतताना मंदार मागे आईजवळ बसला. मी पुढे, केहिंदेच्या शेजारी. केहिंदेने एकदा माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. बहुधा दमलेल्या माणसाला करायचा नमस्कार असावा, तोही असतो त्यांच्यात. उरलेले तीन दिवस मंदार माझ्याशी बोलला ते जेवणापुरतं. एका संध्याकाळी मायलेक गॅलरीत बसले होते. मंदार डोळे पुसत होता आणि सुनंदा सांगत होती, "डोळे मिटून तुझ्याकडे सरकायची रे, तुझा कान धरायची." मला हे माहीत नव्हतं. मी दारात आलो आणि दोघं गप्प झाले. विमानतळावर त्याने दोघांच्या पाया पडून निरोप घेतला. आईला मिठी मारली. मला म्हणाला, "गुडघा सांभाळा."

धायरी

येऊन महिना झाला. सुनंदा आता मंगळवारी चवळी भिजत घालते, सालं चोळून काढते आणि आकारे तळते. पहिली ताटली खिडकीशी ठेवते. कुणी आलं-गेलं विचारलं तर सांगते, "मुलीसाठी." समोरच्या फ्लॅटमधल्या बाई चक्रावून माझ्याकडे बघतात. मी पेपर वर करतो.

आठ दिवस धीर गोळा करून मी विचारलं. "नाव काय म्हणतेस तू तिला?"

ती तळत होती. झारा थांबला नाही. "तुम्हीच म्हणाला होतात ना, हा विषय नको म्हणून. मी चौतीस वर्षं ऐकलं की नाही तुमचं? आता एवढं एक माझं राहू द्या."

मी म्हणालो, "अगं, मी बाप आहे तिचा."

"हो," ती म्हणाली. "कुठे पुरलंत?"

मी सांगू शकलो नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे. नदीकाठी, बाभळीजवळ, एवढंच आठवतं. तिथे आता रस्ता झाला आहे, आणि नेमकी जागा मला दाखवता येणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

परवा ती भाजीला गेलेली पाहून मी मंदारला फोन लावला. हवापाणी झालं, गुडघा झाला. मग मी म्हणालो, "मंदार, आईने तुला नाव सांगितलंय, मला माहीत आहे. मला सांग. मी तिला कळू देणार नाही."

पलीकडे केहिंदे गाडीत कुणाशी तरी बोलत होता, ते ऐकू येत होतं.

"मी तिला ताई म्हणतो, बाबा," तो म्हणाला. "मोठ्या बहिणीचं नाव नाही घेत आपल्यात."